कामगिरी की वेठबिगारी?

रात्रीचे जेवण वाढून झालेले असते. आई एकदा, दोनदा, तीनदा हाक मारते. आतल्या खोलीतून उत्तर येते, “आलोच आई, एवढी एक क्वेस्ट संपवतो!” भाकरी निवून जाते, वडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि अखेरीस मोबाइल हिसकावून घेतला जातो. हुबळी-धारवाडच्या नव्या वसाहतींत काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, हा प्रसंग आता पुष्कळ घरांच्या परिचयाचा झाला आहे.

मुलगा थाप मारीत असतो असे मात्र नव्हे. त्याच्यापुढे खरोखरच एक काम अपुरे पडलेले असते. ते काम त्याला कोणी नेमून दिले, कशासाठी दिले आणि ते करताना त्याच्या मनाला काय लाभते, हा विचार आपण वडीलधारी माणसे क्वचितच करतो. तो आज करू या.

गोष्टीतली कामगिरी

ज्या खेळांत खेळणारा योद्धा, वैद्य किंवा जादूगार अशी एखादी भूमिका घेऊन एका कल्पित जगात वावरतो आणि त्याच जगात त्याच वेळी देशोदेशींचे हजारो लोक वावरत असतात, त्या खेळांचा हा प्रकार आहे. त्या जगात वाटेवर कोणीतरी भेटते आणि म्हणते, “माझी हरवलेली गाय शोधून आण,” “हे पत्र डोंगरापलीकडे पोहोचते कर,” “गावाला छळणाऱ्या राक्षसाचा बंदोबस्त कर.” हीच क्वेस्ट. आपल्या भाषेत तिला कामगिरी म्हणावे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. राजाने तीन मुलांना दुर्मिळ फूल आणावयास धाडले, दोघे वाटेत भरकटले, धाकट्याने मुंगीवर दया केली आणि मुंगीच पुढे त्याच्या उपयोगी पडली, अशा गोष्टी आजीच्या मांडीवर आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. एके काळी बेळगावात इंग्रजी शिकविणारे ए. के. रामानुजन यांनी अशा कन्नड लोककथा हयातभर गोळा केल्या. धारवाडात शिकलेले गिरीश कार्नाड यांनी त्यांच्याकडून ऐकलेल्या दोन कथांवरून 1988 साली ‘नागमंडल’ हे नाटक रचले आणि त्यात साक्षात गोष्टीलाच रंगभूमीवर बोलते केले. लोककथेचा नायक प्रवासाला निघतो, कारण त्याच्या घरी काहीतरी बिघडलेले असते. ते कारण काढून घेतले, तर उरते ती नुसती पायपीट.

संगणकावरील अशा साहसी खेळांचा आरंभही जाणून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील विल क्राउदर हा संगणकतज्ज्ञ गुहा धुंडाळण्याचा छंद असलेला गृहस्थ होता. पत्नीपासून विभक्त झाल्यावर मुली दुरावू नयेत म्हणून त्याने 1976 च्या सुमारास गुहेतील शोधाचा एक खेळ रचला. त्यात चित्र नव्हते, केवळ अक्षरे होती. पुढे 1978 साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी पुष्कळांना एकाच वेळी खेळता येईल असे अक्षरांचेच जग उभारले. आजचे भव्य खेळ हे त्याचेच वंशज होत.

एका रचनाकाराची कबुली

2004 साली निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाने कामगिरीला मध्यवर्ती स्थान दिले. ज्याच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह दिसेल त्याच्याकडे काम आहे, हा संकेत त्यानेच घरोघर नेला. या खेळाचे एक प्रमुख रचनाकार जेफ कॅप्लन यांनी 2009 साली सॅन फ्रान्सिस्कोत खेळ निर्मात्यांच्या परिषदेपुढे आपल्या चुका प्रांजळपणे सांगितल्या, हे त्यांना भूषणावह आहे.

ते म्हणाले की, एखाद्या गावात पाऊल टाकताच नाताळच्या झाडावरील दिव्यांप्रमाणे सर्वत्र उद्गारचिन्हे लुकलुकू लागली, तर खेळणारा सगळी कामे एकदम उचलतो. मग कोणते काम कोणाचे आणि कशासाठी, याचे भान त्याला राहत नाही. दुसरा दोष लांबलचक मजकुराचा. खेळात गोष्ट करून दाखवावयाची असते, पानेच्या पाने वाचावयास लावावयाची नसते. म्हणून त्यांच्याकडे एका कामगिरीच्या मजकुराला 511 अक्षरांची मर्यादा होती. स्वतः रचलेल्या एका कामगिरीवर तर त्यांनी कठोर टीका केली. जंगलात विखुरलेली एका पुस्तकाची पाने गोळा करण्याचे ते काम होते. पानांनी झोळी भरून जाई, हवे ते पान हाती लागत नसे आणि खेळणारा त्रासून जाई.

दहा रानडुकरे

अशा खेळांत एक काम वारंवार मिळते: दहा रानडुकरे मारून ये. कलघटगी-अळणावरच्या रानालगत शेती करणाऱ्यास रानडुकरांचा उपद्रव सांगावयास नको. त्याच्या दृष्टीने हे काम निरर्थक नव्हे. पीक वाचावे, घरात धान्य यावे, हे त्यामागील कारण असते. खेळातही ज्या म्हाताऱ्याचे शेत उद्ध्वस्त झाले तो आधी भेटला, त्याचे दुःख कळले आणि काम झाल्यावर ते शेत पुन्हा हिरवे झालेले दिसले, तर तीच दहा डुकरे मारताना मुलगा तन्मय होतो. याउलट डुकरे मारून परत यावे, तो म्हातारा तेच शब्द पुटपुटत तसाच उभा असावा आणि ती डुकरेही पुन्हा तेथेच चरत असावीत, तर त्या जगावरचा विश्वास उडतो. उरतो तो केवळ आकडा.

हुबळीच्या रेल्वे स्थानकावर 1,507 मीटर लांबीचा फलाट आहे. 2023 साली त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा तो जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून गाजला. परंतु तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेल्याने प्रवास घडला असे कोणी म्हणणार नाही. कामगिरीचेही तसेच आहे. लांबी वाढविल्याने गोडी वाढत नाही.

रचनेचा परिणाम शेजारधर्मावरही होतो. जुन्या खेळांत हवे असलेले श्वापद दुसऱ्याने मारले की आपले काम अडे. साहजिकच जवळ येणारा प्रत्येक जण प्रतिस्पर्धी वाटे. 2012 साली आलेल्या ‘गिल्ड वॉर्स 2’ या खेळाने ही रीत बदलली. त्यात गावावर हल्ला होतो, तेव्हा जवळ असेल तो मदतीस धावतो आणि हातभार लावणाऱ्या प्रत्येकास आपापले बक्षीस मिळते. त्यामुळे परका माणूस दिसताच कपाळाला आठ्या न पडता हायसे वाटते. माणसे तीच, नियम बदलला आणि मने बदलली.

आपल्या पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनी 2020 साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. तो ऑनलाइन नव्हे, एकट्याने खेळावयाचा आहे; पण मुद्दा तोच. सर्कशीत काम करणारी राजी ही मुलगी राक्षसांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधावयास निघते. बहिणीच्या या एका ध्यासाने तिच्या वाटेतील प्रत्येक संकटाला अर्थ येतो.

बक्षिसाचे आमिष

आता दुसरी बाजू पाहू. पुष्कळ खेळांत रोजची नेमून दिलेली कामे असतात. 2020 साली निघालेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या चिनी खेळात रोज चार लहान कामे मिळतात. ती पुरी केल्यावर रत्ने मिळतात आणि त्या रत्नांवर नशिबाची सोडत काढता येते. त्याच खेळात डोंगरदऱ्यांची सुरेख दृश्ये आणि मन लावून रचलेल्या कथाही आहेत, हे सांगितलेच पाहिजे. परंतु रोजची हजेरी आणि सोडत यांची जोडी जमली, की खेळणारा गमतीसाठी येतो की चुकायला नको म्हणून येतो, हे त्याचे त्यालाच कळेनासे होते.

1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रे काढण्याची आवड असलेल्या काही मुलांना त्यांनी आधीच बक्षीस कबूल केले. पुढे बक्षीस थांबल्यावर ही मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. आनंदाचे काम मोबदल्याचे झाले आणि आनंद ओसरला. 2006 साली रायन, रिग्बी व प्रझिबिल्स्की यांनी खेळांविषयीच्या आपल्या अभ्यासात दाखविले की, आपल्या मनाने निवड करता येणे, अंगी कौशल्य येत असल्याची जाणीव होणे आणि इतरांशी नाते जुळणे, या तीन गोष्टींत खेळाच्या आनंदाचे मूळ असते. ज्या कामगिरीत या तिन्ही नाहीत ती कामगिरी नव्हे, वेठबिगारी होय. मग तिच्यावर कितीही रत्ने जडवा.

पालकांनी काय करावे?

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. ते खेळ वेगळे. येथे वर्णिलेले खेळ पैजेचे नव्हेत. तरीही खेळावर ताबा न राहणे, जेवणखाण, अभ्यास व माणसे यांपेक्षा खेळच मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, अशी लक्षणे साधारणतः वर्षभर टिकली, तर जागतिक आरोग्य संघटना त्यास विकार मानते. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने 2014 साली यासाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. धारवाडात ‘डिम्हान्स’ ही मनोरुग्णांची सरकारी संस्था आहे, आणि 14416 या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तेथे जाण्यात लाज बाळगू नये.

परंतु बहुतेक घरांत गोष्ट इतक्या थराला गेलेली नसते. तेथे हिसकावण्यापूर्वी एकदा मुलाशेजारी बसावे आणि विचारावे: हे काम तुला कोणी सांगितले? त्याला त्याची गरज का आहे? तू ते पुरे केल्यावर तेथे काय बदलेल? आणि बक्षीस मिळणार नसेल, तरीही तू ते करशील का? मुलगा उत्साहाने गोष्ट सांगू लागला, तर समजावे की तो रमला आहे. जेवणाची वेळ मात्र ठरवून द्यावी आणि काम अर्धे राहणार नाही अशा बेताने हाक आधी मारावी. तो गोंधळला, “असेच, रोजचे आहे” म्हणाला, तर त्या उत्तराने त्याला स्वतःलाच विचार करावयास लावले असे समजावे. आपल्या धाकाने जे साधत नाही, ते पुष्कळदा अशा एका प्रश्नाने साधते.

ज्या गुहेच्या खेळापासून या साहसी खेळांची परंपरा सुरू झाली, तो एका बापाने मुली जवळ राहाव्यात म्हणून रचला होता. त्याच परंपरेतील खेळाने आपल्या घरात बाप आणि लेक एकमेकांपासून दुरावणार असतील, तर मधली वाट कोणीतरी चालून गेले पाहिजे. ही कामगिरी वडीलधाऱ्यांची आहे. आणि तिच्यासाठी कोणाच्याही डोक्यावर पिवळे चिन्ह उमटत नाही.