ब्रश कोणाच्या हातात?

काशीगावातील आमच्या घरी रात्री नऊच्या सुमारास रोज एक छोटासा सोहळा होत असे. सून नोकरीवरून नुकतीच परतलेली असे. कधी घोडबंदर रस्त्यावरची कोंडी, कधी मीरा रोड स्थानकावरची गर्दी, त्यामुळे साडेआठच्या आत तिचे पाऊल घरात क्वचितच पडे. हातपाय धुऊन ती नातवाला मांडीवर घेई आणि चॉकलेटची पूड घातलेल्या दुधाचा पेला त्याच्या ओठांना लावी. पेला रिकामा होईतो त्याचे डोळे मिटत. दिवसभराच्या ताटातुटीनंतरची ती पंधरा मिनिटे त्या मायलेकांची होती आणि आम्ही वडीलधारी मंडळी ती कौतुकाने पाहत असू.

गेल्या वर्षी, नातू साडेचार वर्षांचा असताना, जेवताना तो एकाच बाजूने चावू लागला. पुढे रात्री रडत उठू लागला. दंतवैद्यांनी पाहिले तेव्हा दुधाच्या दोन दाढा पोखरलेल्या निघाल्या; त्यांपैकी एकीची कीड थेट नसेपर्यंत पोहोचली होती. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "ब्रश कोण करतं?" आम्ही सर्वांनी एकमुखाने सांगितले, "तो स्वतःच करतो!" त्या उत्तरात अभिमान होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिथंच चुकलं."

मुलाच्या हाती ब्रश दिला म्हणजे सवय लागली, असा आपला समज असतो. वस्तुतः साधारण सात वर्षांपर्यंत मुलाच्या बोटांत ते कौशल्यच आलेले नसते. पुढचे दात तो हौसेने घासतो, कारण आरशात तेवढेच दिसतात. दाढांच्या खाचा आणि हिरड्यांलगतची कड तशीच राहून जाते. बँकेत माझी छत्तीस वर्षे गेली. तेथे व्हाउचर एकाने तयार करायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, हा नियम. लिहिणाऱ्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर एका नजरेतून जे सुटते ते दुसरीला दिसावे म्हणून. हा नियम मी आयुष्यभर पाळला आणि इतरांकडून पाळून घेतला. घरातील न्हाणीघरात मात्र तो मला सुचला नाही. आता आमचा नातू आधी स्वतः दात घासतो. नंतर त्याच्या पाठीमागे उभे राहून, त्याची मान आपल्या अंगावर किंचित रेलून घेऊन, मोठे माणूस पुन्हा घासते. दोन्ही मिळून दोन-तीन मिनिटे लागतात.

'दुधाचेच दात, पडणारच आहेत' हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, मुलाला चावू देतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. आणखी एक गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, सर्वांत मागे कायमची पहिली दाढ उगवते. पडलेला दात नाही म्हणून कोणाचे लक्ष जात नाही, आणि जन्मभराची दाढ दुधाची समजून दुर्लक्षिली जाते. ज्यांच्या घरी पाच-सहा वर्षांचे मूल आहे, त्यांनी आज रात्री विजेरी घेऊन एकदा पाहावेच.

आमचे घर अपवाद होते असेही नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड आढळली होती. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली 'स्वच्छ मुख अभियाना'साठी सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमले. उत्तम झाले, पण बेसिनपाशी उभ्या असलेल्या मुलाचा सचिन म्हणजे त्याचा बाप, हेही तितकेच खरे.

मुले सांगण्यावरून कमी आणि पाहण्यावरून अधिक शिकतात, हे मला माझ्या बालपणावरूनच उमगायला हवे होते. सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी वडील पहाटे पाण्याचा तांब्या आणि राखुंडीची डबी घेऊन ओसरीच्या कडेला बसत. हिरवी काडी मोडणे आमच्या घरात टाळले जाई, म्हणून दातवण नाही. आम्ही चौघे भावंडे त्यांच्या शेजारी ओळीने बसून तर्जनीने दात घासत असू. 'दात घासा' असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. शेजारच्या घरी मात्र आजी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करीत. त्यांच्या पाठोपाठ सुनेला आणि पुढे शाळकरी नातीलाही तिची सवय जडली. दात घासण्याच्या निमित्ताने तंबाखू तिसऱ्या पिढीच्या तोंडात गेली, आणि तीही घरातल्या सर्वांत मायाळू हातांनी. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला तो कायदा कसा पोहोचणार? घराचे वळण चांगले असो वा वाईट, लहानग्यांपर्यंत ते असेच विनासायास उतरते.

माझी स्वतःची कबुलीही येथे द्यायला हवी. दंतवैद्यांकडून आल्यावर त्या रात्री मी नातवाला मोठ्या अधिकाराने म्हणालो, "चल, झोपण्याआधी दात घासायचे." त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही कुठे घासता?" चौसष्ट वर्षांत मी रात्री कधी ब्रश हाती धरला नव्हता. मुलगाही सकाळी घाईत, एका हाती मोबाइल धरून, कसाबसा ब्रश फिरवणारा. दोघेही निरुत्तर झालो.

रात्रीच्या ब्रशचे महत्त्व असे की झोपेत लाळ कमी सुटते. दिवसा लाळ दातांवरील आम्ल धुऊन नेते. रात्री तोंडात राहिलेली साखर मात्र जंतूंना तासन्‌तास पुरते. सूर्यास्तापूर्वी जेवून रात्री काहीही न घेण्याचा आपल्याकडील नियम ज्या घरांत पाळला जातो, तेथे हे काम निम्मे सोपे होते: जेवण झाले की दिवस मावळण्यापूर्वीच ब्रश, आणि त्यानंतर तोंडात काही जायचे नाही. आम्ही दोघे नवराबायको आता तसेच करतो. परंतु लहान मुलाला हा नियम नाही, आणि नऊचे दूध तर आईच्या हातचे होते. ते बंद करा, असे सुनेला कोणी सांगायचे? ती आधीच स्वतःला दोष देत होती. पेला तिने भरला हे खरे, पण दिवसभर घरात असणारे आम्ही होतो.

तोडगा अखेरीस तिनेच काढला. दूध आता सातला आजी देते, साधे, चॉकलेटच्या पुडीविना. नऊची पंधरा मिनिटे आईचीच राहिली. फक्त पेल्याच्या जागी ब्रश आला. पहिले आठ-दहा दिवस रडारड झाली. एकदा माझ्या मुलाने आवाज चढवला, तर दुसऱ्या दिवशी नातवाने तोंडच उघडले नाही. मग सुनेने गोष्ट रचली: प्रत्येक दाढ म्हणजे एकेक घर, आणि घराघरांतून मुंगीला बाहेर काढायचे. तिसऱ्या वर्षानंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, त्याआधी तांदळाच्या दाण्याएवढीच, आणि फ्लोराइडयुक्त असावी, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. शेवटी फेस थुंकायचा, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकून राहते. ब्रश करताना नळ बंद ठेवायचा, हे मात्र माझे कलम. टँकरची वाट पाहिलेल्या आमच्या सोसायटीत ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पोखरलेल्या दाढेवर आता टोपण बसले आहे. मागच्या महिन्यात सुनेला कार्यालयातून यायला अकरा वाजले. मुलगा ब्रश घेऊन नातवाच्या मागे उभा राहिला, पण त्याला मुंग्यांची गोष्ट येत नव्हती. नातवाने ती त्याला सांगितली; तोंडात फेस असल्याने त्यातले निम्मे शब्द आम्हाला कळले नाहीत.