गढूळपणाचं अनुमान : सल्फेट कसं मोजतात

मंडळी, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सल्फेटवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. निमित्त पुतण्याच्या घराचं. पाया खणला तेव्हा त्यानं माती दोन प्रयोगशाळांत दिली. एकीचा आकडा आला ०.१८ टक्के, दुसरीचा ०.२२. काँक्रीटच्या आय.एस. ४५६ या मानकात पहिला वर्ग ०.२ टक्क्यांखाली. त्यापुढे सिमेंटचा वेगळा विचार करावा लागतो, कारण सल्फेट काँक्रीटमध्ये शिरून फुगणारी संयुगं तयार करतं आणि काँक्रीट तडकतं. आता खरं कोणाचं मानायचं?

आधी मोजतात कसं ते पाहू. पाण्यात विरघळलेलं सल्फेट डोळ्यांना दिसत नाही. नमुन्यात बेरियम क्लोराइड टाकलं की बेरियम सल्फेटचे पांढरे, न विरघळणारे कण होतात आणि पाणी गढूळतं. ४२० नॅनोमीटरचा प्रकाश त्यात किती अडतो हे यंत्र सांगतं. ते ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून आकडा काढतात.

म्हणजे आपण सल्फेट पाहतच नाही. धूर पाहतो आणि अग्नीचं अनुमान करतो! नैयायिक लगेच विचारेल, हा धूरच कशावरून? धुकं नसेल कशावरून? प्रयोगशाळेतही हाच प्रश्न. बेरियम कार्बोनेटही पांढरंच. म्हणून नमुना आधी आम्लधर्मी करतात, आम्लात ते टिकत नाही. पाणी मुळातच गढूळ असेल तर? बेरियम न घालता एकदा मोजायचं आणि तेवढं वजा करायचं. हेत्वाभास टाळण्याची ही तजवीज मला फार आवडली. वर्गात मी वर्षानुवर्षं डोंगरावरचा धूरच सांगत राहिलो, चंचुपात्र कधी सुचलं नाही.

मातीत आणखी एक घोळ असतो. जिप्सम पाण्यात जेमतेम विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. त्यामुळे त्याच मातीत पाणी किती घातलं यावर अर्कात उतरणारं सल्फेट बदलतं. मानकात म्हणूनच एकूण प्रमाणाची मर्यादा वेगळी आणि दोनास एक पाणी-माती अर्काची वेगळी.

पुतण्याच्या अहवालांत दोन्हीकडे एकूणच मोजलं होतं. मग फरक कुठला? एकीनं आकडा सल्फर ट्रायऑक्साइडच्या रूपात दिला होता, रेणुभार ८०. दुसरीनं सल्फेटच्या रूपात, भार ९६. ०.१८ ला १.२ नं गुणा, ०.२२ येतं. दोघीही खऱ्याच! मानक बोलतं ट्रायऑक्साइडमध्ये, म्हणून माती पहिल्या वर्गात. भूजलही तपासून घेतलं, तेही मर्यादेत निघालं. पाया साध्या सिमेंटनं भरला. दुसऱ्या अहवालात हे रूप लिहिलेलं होतं, नाही असं नाही. शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत.