चहा, कॉफी आणि केसांचे आरोग्य

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे काय किंवा विदर्भातील अन्य कोणत्याही गावी काय, दिवसाचा आरंभ चहानेच होतो. शेतावर निघालेला शेतकरी, कापूस वेचणारी मजूर स्त्री, शाळेला निघालेला शिक्षक, सर्वांनाच या पेयाने तरतरी येते. ही तरतरी आणणारे द्रव्य म्हणजे कॅफीन. इ. स. १८१९ मध्ये रूंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून प्रथम वेगळे केले. अलीकडे हेच द्रव्य केशवर्धक म्हणून शाम्पूत व तेलांत मिसळले जाते, आणि कॉफीची पूड डोक्याला चोळण्याचे सल्लेही सर्रास दिले जातात. या सल्ल्यांत तथ्य किती, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे हिताचे आहे.

केसांचे जीवनचक्र

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, २–३ आठवडे संक्रमणावस्थेत राहतो, सुमारे ३ महिने विश्रांती घेतो आणि मग गळून त्या जागी नवा येतो. म्हणून दररोज ५० ते १०० केस गळणे हा रोग नव्हे. पुरुषांना पडणारे टक्कल बहुधा आनुवंशिक असते. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून बनणाऱ्या द्रव्यामुळे केसांची मुळे आकुंचित होत जातात व केस विरळ होतो.

संशोधन काय सांगते?

जर्मनीतील फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केसांची मुळे प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांवर कॅफीनचा प्रयोग केला. टेस्टोस्टेरॉनमुळे खुंटलेली वाढ कॅफीनच्या अत्यल्प मात्रेने पूर्ववत होऊ लागल्याचे त्यांना आढळले. पेशींतील चेतना वाढविणारे एक द्रव्य कॅफीनमुळे लवकर नष्ट होत नाही, हे त्यामागील कारण मानले जाते.

महाराष्ट्रालाही या संशोधनात स्थान आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. रचिता धुरत व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१० पुरुषांवर ६ महिने केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ०.२ टक्के कॅफीनचा द्रव हा ५ टक्के मिनॉक्सिडिल या प्रचलित औषधापेक्षा फारसा उणा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र कोणास कोणते औषध दिले आहे हे या अभ्यासात गुप्त नव्हते, आणि औषधरहित द्रव लावणारा तुलनेचा गटही नव्हता. त्यामुळे हा निष्कर्ष आशादायक असला तरी अंतिम म्हणता येणार नाही. ब्रिटनमधील जाहिरात नियामक संस्थेने २०१८ मध्ये केस गळणे कमी करण्याचा एका कॅफीनयुक्त शाम्पूचा दावा पुराव्याअभावी अमान्य केला होता.

पिण्याने लाभ होतो काय?

प्रयोगशाळेत परिणामकारक ठरलेली ०.००१ टक्का मात्रा म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम. एक कप कॉफी घेतल्यावर रक्तात लिटरमागे जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम कॅफीन असते. अर्थात चहा-कॉफी पिऊन केस वाढतील ही अपेक्षा व्यर्थ होय. उलट अतिरेकाने निद्रानाश व छातीत धडधड संभवते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते.

खरा धोका जेवणासोबतच्या चहात

ग्रामीण भागात याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातील लोहाचे शोषण रोखतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. लोहाची उणीव हे स्त्रियांचे केस गळण्याचे एक संभाव्य कारण आहे. भाकरीसोबत चहा घेणाऱ्या स्त्रीने महागडा शाम्पू आणण्याऐवजी जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. लोहाची गोळीही चहासोबत घेऊ नये. पालेभाज्या, हरभरा, तीळ यांच्या जोडीला लिंबू किंवा आवळा असल्यास लोह अधिक प्रमाणात शोषले जाते.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

बाळंतपणानंतर किंवा तापाच्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात व बहुधा आपोआप पुन्हा येतात. परंतु मुलांच्या डोक्यावर खवले असलेले गोल चट्टे पडल्यास तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यास पोटातून औषध द्यावे लागते. कॉफी चोळून तो जात नाही. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात अनेक गावांतील लोकांचे केस अकस्मात गळाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात व केसांत सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. केस हे शरीरातील बिघाडाची सूचनाही देतात, हा त्या घटनेचा धडा होय.

म्हणून केस अचानक वा पुंजक्यांनी गळू लागल्यास प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरज भासल्यास यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. चहा जरूर घ्यावा; मात्र तो बेताने आणि जेवणापासून दूर. केसांची निगा राखण्याचा प्रारंभ तेलाच्या बाटलीपेक्षा जेवणाच्या ताटापासून करणेच श्रेयस्कर आहे.