भांग चढते तेव्हा

होळी-रंगपंचमीच्या दिवसांत आमच्याकडे एक ठरावीक प्रकारचा रुग्ण येतो. विशीतला तरुण, डोळे लाल, घशाला कोरड, एक हात छातीवर. बरोबरचे मित्र त्याच्याहून अधिक घाबरलेले. ‘डॉक्टर, मी मरणार’ आणि ‘मला वेड लागतंय’ ही दोनच वाक्ये तो आलटून पालटून म्हणत असतो. नाडी मिनिटाला १२०. चौकशी केली की कोणाच्या तरी गच्चीवर थंडाई झाली होती, आणि ती नुसती थंडाई नव्हती, हे हळूहळू बाहेर येते.

बहुतेकांचा घोटाळा दुसऱ्या पेल्यात असतो. गांजाचा धूर फुफ्फुसांतून काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोहोचतो. भांग मात्र पोटातून जाते. तिचा अंमल जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, पूर्ण जोर दोन ते चार तासांनी येतो आणि उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त लागतात. पहिला पेला पोटात जाऊन पाऊण तास झाला, काहीच वाटत नाही, म्हणून माणूस दुसरा घेतो. मग दोन्ही एकदम चढतात. शिवाय भांगेतले नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, यकृतातून जाताना त्याचे आणखी एक रूप तयार होते आणि तेही मेंदूत सहज शिरते. म्हणून खाल्लेली भांग जास्त जोरकस आणि जास्त वेळ टिकणारी वाटते. त्यात घोटलेला पाला तळाशी बसतो. वरचा पेला सौम्य आणि तळाचा कडक, असे एकाच पातेल्यात होऊ शकते. तेव्हा ‘त्याने तेवढीच घेतली, त्याला काही झाले नाही’ या हिशेबाला अर्थ नाही.

पण आनंदासाठी घेतलेल्या वस्तूने भीती का वाटावी? टीएचसी हे द्रव्य १९६४ साली इस्राएलमधील संशोधकांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे १९९२ मध्ये तशाच प्रकारे काम करणारे एक द्रव्य आपल्या मेंदूतच सापडले. त्याला त्यांनी ‘आनंदामाइड’ असे नाव दिले, आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून! मेंदूत भीतीचा कारभार पाहणारा जो भाग आहे, तिथेही या द्रव्यांचे काम चालते. थोड्या मात्रेत मन सैलावते, मात्रा वाढली की तोच भाग चेकाळतो. त्याच वेळी हृदयाचे ठोके वाढतात. माणसाला वाटते, हा हार्ट अटॅकच. त्या भीतीने ठोके आणखी वाढतात. वेळेचे भानही बिघडते. पाच मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात आणि ‘हे आता कधीच उतरणार नाही’ अशी खात्री पटते.

कायद्याचे सांगून टाकतो. गांजा-चरस १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात येतात. भांगेचा नुसता पाला त्यात येत नसला तरी महाराष्ट्रात दारूबंदी कायदा तिला लागू आहे. मी भांग घ्या म्हणणार नाही. पण सणाला ती घेतली जाते, हे डोळ्यांसमोर दिसत असताना गप्प बसणे मला पटत नाही. घेणाराच असाल तर अर्ध्या पेल्यावर थांबा आणि दोन तास घड्याळ पाहा. रिकाम्या पोटी नको, दारूबरोबर तर मुळीच नको. आधीच मन काळजीत असेल, रात्रीची झोप झाली नसेल, तर त्या दिवशी राहू द्या. ओळखीच्या माणसांत, घरी बसून घ्या आणि त्या दिवशी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. हृदयविकार, रक्तदाब किंवा फिट्स असणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, शाळा-कॉलेजची मुले आणि घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार झालेला आहे अशांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि न सांगता पाजण्याची थट्टा! पाहुण्याच्या, नव्या जावयाच्या पेल्यात गुपचूप भांग मिसळून मजा पाहणारे लोक मी पाहिले आहेत. आपण काय घेतले हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला सगळ्यात जास्त भीती वाटते. याला मी थट्टा म्हणत नाही.

घबराट झालीच तर काय करावे? गर्दी, रंग, लाऊडस्पीकर यांपासून माणसाला शांत खोलीत न्या. त्याचा विश्वास आहे अशा एकानेच जवळ बसावे. ‘ही भांग आहे, काही तासांनी उतरेल, मी इथेच आहे’ हे पुन्हा पुन्हा, न वैतागता सांगावे. हसू नये, रागावू नये. घोट घोट पाणी द्यावे, श्वास सावकाश सोडायला सांगावे. लिंबू-चिंच चाटवायची आपल्याकडे रीत आहे. शुद्धीवरच्या माणसाने लिंबाची फोड चोखली तर बिघडत नाही. पण पेंगणाऱ्याच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर झोपवा. बोटे घालून उलटी काढू नका.

काही वेळा मात्र थांबू नये. छातीत खरोखर दुखणे, फिट येणे, हाक मारूनही जागे न होणे, सारख्या उलट्या होणे, असे काही दिसले तर १०८ ला फोन करा. लहान मुलाने चुकून भांगेची बर्फी किंवा थंडाई घेतली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, कारण मुले गाढ गुंगीत जातात आणि श्वास मंदावू शकतो. बाहुल्या खूप मोठ्या, अंग तापलेले पण घामाचा थेंब नाही, हवेतले काहीतरी पकडल्यासारखे हातवारे, असे दिसले तर भांगेत धोतरा मिसळला असण्याची शंका घ्यावी. तो जिवावर बेतू शकतो.

दुसऱ्या दिवशी थोडी सुस्ती राहील, तेव्हा मोटारसायकल तोवर उभीच असू द्या. पण दिवस उलटूनही माणूस संशयाने बोलत असेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, झोपतच नसेल, तर ‘अजून उतरली नाही’ असे समजून घरी बसवू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जवळपास कोणी नसल्यास १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.