दोन आज्ञावल्यांचा संवाद

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अंतिम वर्षाचे दोन विद्यार्थी मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या ऊर्ध्वपातन मनोऱ्याचा प्रकल्प करीत होते. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, त्यामुळे हा विषय दरवर्षी कोणी ना कोणी घेतोच. मनोऱ्यात जाणारा द्राव आधी तापवावा लागतो. त्या तापकाचे गणित त्यांनी एका संगणकीय आज्ञावलीवर केले व मनोऱ्याचे दुसरीवर. पहिलीने दिलेली एन्थाल्पी कागदावर उतरवून दुसरीत भरली. उत्तर विनातक्रार आले, आणि मनोऱ्याच्या तळाशी लागणारी उष्णता अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाली. दोघेही खूश होते. मीही तासभर खूश होतो, हे कबूल केले पाहिजे.

चूक कोठे झाली हे पाहण्यासाठी सोपे म्हणून शुद्ध पाणीच घेऊ. एन्थाल्पीचे शून्य निसर्गाने दिलेले नसते, ते आपण ठरवायचे असते. घराच्या गच्चीची उंची अंगणापासून मोजली तर ६ मीटर. समुद्रसपाटीपासून मोजली तर बेळगावात ती साडेसातशेच्या घरात जाते. पहिल्या आज्ञावलीत ० अंश सेल्सिअसचे द्रवरूप पाणी हे शून्य होते. त्या हिशेबाने ८० अंशांच्या पाण्याची एन्थाल्पी दर मोलला सुमारे ६ किलोज्यूल येते. दुसरीत २५ अंशांची आदर्श वाफ हे शून्य; तिच्या लेखी त्याच पाण्याची एन्थाल्पी उणे ४० च्या आसपास. तिला ‘६’ सांगितल्यावर तिने आत येणारे पाणी नव्हे, तर सुमारे २०० अंशांची वाफ आहे असे मानले. वाफच आत येत असेल तर तळाशी उष्णता कशाला फार लागेल? या आकड्यावर विसंबून कोणी बॉयलर मागविला असता, तर कारखाना सुरू करण्याच्या दिवशीच तो अपुरा पडला असता.

निरनिराळ्या आज्ञावल्या एकत्र चालविण्याचा प्रश्न उद्योगांनाही फार छळत आला आहे. मोन्सँटो कंपनीची ‘फ्लोट्रॅन’, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७६ ते १९८१ या काळात तयार झालेली ‘ॲस्पेन’ अशा आज्ञावल्या आल्या. प्रत्येकीची आतली भाषा वेगळी. एखाद्या कंपनीने स्वतःच्या अणुभट्टीचे म्हणा वा रासायनिक भट्टीचे म्हणा, मेहनतीने प्रतिरूप लिहिले, तर ते प्रत्येक आज्ञावलीसाठी नव्याने जोडावे लागे. ५ आज्ञावल्या आणि ८ प्रतिरूपे असतील तर जोडण्या ४०. सर्वांनी एकच जोडपद्धती मान्य केली, तर १३ पुरतात.

ही समाईक पद्धती म्हणजे ‘केप-ओपन’. युरोपीय संघाच्या साहाय्याने १९९७ ते १९९९ या काळात तिचा पाया घातला गेला. बीएएसएफ, बायर, बीपी यांसारख्या कंपन्या, आज्ञावल्या विकणारे व विद्यापीठे एकत्र बसली. २००१ पासून ‘को-लॅन’ ही ना-नफा संस्था तिची देखभाल करते.

यात एक यजमान आज्ञावली असते व तिच्यात बसणारे पाहुणे घटक असतात: एखादे यंत्र, किंवा गुणधर्म सांगणारा संच. प्रवाहाची माहिती ठरलेल्या पत्रकात भरल्यासारखी जाते. तापमान केल्विनमध्येच, दाब पास्कलमध्येच. पदार्थाच्या नावावरून घोटाळा होऊ नये म्हणून सीएएस क्रमांकाने ओळख पटविता येते. पाण्याचा ७७३२-१८-५, इथेनॉलचा ६४-१७-५.

यांतला गुणधर्म-संच फार महत्त्वाचा. इथेनॉल व पाणी यांचे मिश्रण साध्या वातावरणीय दाबाला ७८.२ अंशांवर, वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल असताना, द्रव व वाफ यांचे प्रमाण सारखेच ठेवून उकळते. त्यापुढे साधा मनोरा जाऊ शकत नाही. राउल्टचा आदर्श नियम लावणाऱ्या संचाला हे ठाऊकच नसते. तो खुशाल ९९.९ टक्के इथेनॉल काढून दाखवितो! संच बदलण्याची सोय झाली, पण कोणता निवडावा हे पद्धती सांगत नाही.

एकाच आकृतीत दोन संच वापरले तर शून्याचा जुना प्रश्न उरतोच. म्हणून सीमेवर एन्थाल्पी पुढे न नेता तापमान, दाब आणि घटकांचे प्रमाण न्यावे व पलीकडे एन्थाल्पी नव्याने काढावी. शुद्ध पदार्थ उकळत असेल तेव्हा मात्र एवढ्याने भागत नाही. १०० अंशांना पाणीही असते आणि वाफही, तेव्हा वाफेचा अंशही सांगावा लागतो. आणखी एक क्षुल्लक पण डोके उठविणारी अडचण: ६४ बिटांच्या यजमानात ३२ बिटांचा घटक सहसा थेट बसत नाही. सगळे नीट बसविलेले असूनही यादीत नावच दिसत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी तापमान, दाब व प्रमाण भरून गणित पुन्हा केले, तेव्हा तळाची उष्णता पुष्कळ वाढली आणि प्रबंधातली दोन प्रकरणे नव्याने लिहावी लागली.

ज्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी ‘कोको’ ही केप-ओपनवर उभी असलेली आज्ञावली विनामूल्य मिळते. ‘डीडब्ल्यूसिम’ तर मुक्त आहे, मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘फॉसी’ प्रकल्पाने तिचा प्रसार आपल्याकडील महाविद्यालयांत केला आहे. दोन्हींत आधी २५ अंशांचे शुद्ध पाणी, एक वातावरण दाब, एवढेच भरावे आणि एन्थाल्पीचे आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. मनोऱ्याला हात त्यानंतर लावावा.