परशाला खरं कोणी सांगायचं?

मुलांनो, आम्हां परळकरांना दोन गोष्टींचं नवल वाटत नाही. एक इस्पितळं आणि दुसरी सिनेमे! के. ई. एम. १९२६ सालचं, लहान मुलांचं वाडिया १९२९ सालचं, कॅन्सरवर उपचार करणारं टाटा १९४१ सालचं. आणि पुढच्याच वर्षी, १९४२ साली, व्ही. शांताराम यांनी इथेच 'राजकमल कलामंदिर' सुरू केलं. त्याआधी तिथे वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता. बहीण-भावाच्या मायेवरचा 'तूफान और दिया' (१९५६) याच राजकमलचा. तुमच्या आजीला विचारा, तिला आठवत असेल.

पण आज मला सांगायचंय ते एका आजोबा-नातवाबद्दल. सिनेमाचं नाव 'श्वास'. २००४ साली तो आला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि भारतातर्फे ऑस्करला गेला. दिग्दर्शक संदीप सावंत. गोष्ट मात्र साधी. कोकणातला परशा, म्हणजे परशुराम, याला नीट दिसेनासं होतं म्हणून आजोबा त्याला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन येतात. तपासणीत कळतं, डोळ्यांचा कॅन्सर आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागणार, आणि मग दृष्टी कायमची जाणार. डॉक्टर म्हणतात, आधी मुलाला हे सांगायला हवं. आता सांगणार कोण? आजोबा! पण त्यांच्या तोंडातून शब्दच फुटत नाही. अरुण नलावडे यांनी ते आजोबा असे केलेत, की त्यांच्या नुसत्या गप्प बसण्यानंही आपला घसा दाटून येतो. परशा झालाय अश्विन चितळे.

एका शनिवारी आमच्या चौथीच्या वर्गात यावरून चांगलंच भांडण जुंपलं. "सांगू नये, तो घाबरेल," असं निम्मा वर्ग म्हणाला. "त्याचे डोळे आहेत, त्याला कळायलाच पाहिजे," असं बाकीचे. मी आपली खडू हातात धरून ऐकत बसले होते. एवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी फारसं न बोलणारी एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, आमच्याकडे गावची मोठी आई आलेली, टाटात दाखवायला. सगळे तिला सांगायचे, गॅस झालाय. पण तिला माहीत होतं. मला म्हणाली, कुणाला सांगू नको हां मला कळलंय ते, त्यांना वाईट वाटेल."

वर्ग एकदम चिडीचूप. खरं सांगते, मलाही काही सुचेना.

आईबाबांनो, हे पान तुम्हीही वाचता हे मला ठाऊक आहे. परळ-लालबागच्या कितीतरी खोल्यांत गावाकडची माणसं उपचारासाठी उतरतात. दहा बाय बाराच्या खोलीत पडद्याआड कुजबुज चालते आणि पोरं झोपल्याचं सोंग घेऊन सगळं ऐकतात. आपण त्यांना 'तुला काय कळतंय' म्हणून गप्प करतो. माझं स्पष्ट मत आहे, की त्यांना कळतं. फक्त ते कुणाशी बोलायचं, हे कळत नाही.

'श्वास'मध्ये शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून चक्क गायब होतात! सगळीकडे पळापळ, डॉक्टर संतापलेले. आजोबा कुठे असतात? परशाला जग दाखवत फिरत असतात. डोळे आहेत तोवर बघून घे, पोरा. आमच्या वर्गाचं यावर मात्र एकमत झालं, की आजोबांनी नियम मोडला ते बरंच केलं. (शाळेत असं काही करायचं नाही हं!)

आई-मुलाचे सिनेमे तर किती! आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ सालचा. उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. साने गुरुजींनी मूळ पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. सिनेमात वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे श्याम. लोक ही आई फार मऊ समजतात; पण पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला मारून विहिरीवर पाठवणारीही तीच! माझ्या मुलांना तो प्रसंग ऐकून भलताच आनंद झाला. "म्हणजे श्यामपण मार खायचा?"

अलीकडचा 'नाळ' पाहिलात? वाढवणारी आई ही आपली जन्माची आई नाही, हे चैत्याला कळतं आणि तो तिच्याकडे निराळ्याच नजरेनं बघू लागतो. आणि परेश मोकाशींच्या 'एलिझाबेथ एकादशी'त (२०१४) पंढरपूरचा ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण, वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून चक्क यात्रेत बांगड्या विकायला बसतात. वडील वारलेले, आईच्या डोक्यावर कर्ज. घरात पैसे नाहीत हे आईनं लपवलं तरी मुलांना कसं कळतं, ते बघायचं असेल तर हा सिनेमा पाहाच. शिवाय हसून पुरेवाट होते.

मोठ्यांसाठी 'लालबाग परळ' (२०१०) आहे, १९८२च्या गिरणी संपात मोडलेल्या एका घराचा. तो मुलांनी आत्ता बघू नये. पण त्या संपात आजोबांचं काय झालं, हे त्यांना विचारायला वयाची अट नाही.

मोबाइलवर एकेकट्यानं नका बघू एवढंच. सगळे मिळून बघा आणि मधे कुणी डोळे पुसले, तर "काय झालं?" असं विचारा. आमच्या वर्गातल्या एकानं विचारलं होतं. बाबा म्हणाले, "डोळ्यात काहीतरी गेलं." तो म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत?" मग बाबांनी टीव्ही बंद केला आणि आपल्या वडिलांबद्दल त्याला रात्री साडेअकरापर्यंत सांगत बसले. दुसऱ्या दिवशी स्वारी शाळेत उशिरा आली. मी काही बोलले नाही.