पिळून ढकलणारा पंप

म्हशीची धार काढताना हात काय करतो, ते एकदा नीट पाहा. अंगठा आणि पहिले बोट सडाच्या वरच्या अंगाला आवळले की दुधाची मागे कासेत जायची वाट बंद होते. मग उरलेली बोटे एकेक करून दाबली की धार चरवीत येते. याच हिकमतीवर चालणारा पंप कारखान्यांतून वापरतात. त्याला होज पंप म्हणतात. आपण नळीचा पंप म्हणू.

एका गोल पेटीत जाड रबरी नळी नालासारखी वाकवून बसवलेली असते. मधल्या चाकाला दोन रूळ. चाक फिरले की रूळ नळी चेपत पुढे सरकतो, पुढचा माल रेटला जातो आणि मागची नळी पुन्हा फुगताना नवा माल ओढून घेते. आत पंखा नाही, झडप नाही. माल लागतो तो फक्त नळीला. चाक उलटे फिरवले तर माल मागे येतो. गाय रवंथ करताना गिळलेला चारा परत वर आणते, तसेच.

सोलापूर जिल्ह्याला साखर कारखाने नवे नाहीत. माळीनगरचा सासवड माळी कारखाना १९३२ सालचा. आपला ऊस गव्हाणीत पडून रस निघाला की तो साफ करण्यासाठी त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर सोडतात. चुन्याच्या दुधात बारीक कच असते. ती पंख्याच्या पंपात गेली की पंखा झिजतो, सील गळू लागते. असल्या कामाला नळीचा पंप बरा. शिवाय फेऱ्यागणिक माल ठरावीक पडतो, आणि इथे मापाला मोल आहे. चुना कमी पडला तर रस आंबट राहून साखर नासते, जास्त झाला तर रस काळवंडतो. उतारा घटला की त्याची झळ शेवटी उसाच्या दरालाच!

हा पंप दांडगा तसा हळुवारही आहे. १९५३ साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी यंत्राच्या आधारावर हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली, तेव्हा रोग्याचे रक्त असल्याच रुळाच्या पंपाने फिरवले होते.

आता आपल्या कामाचे. गोबरगॅसची दाट मळी याने उपसता येते; काडीकचरा मात्र आधी गाळून घ्यावा. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा: पंप असो वा नसो, मळीच्या खड्ड्यात उतरू नका. तिथल्या विषारी वायूला आधी सडक्या अंड्याचा वास येतो, मग नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. कंदील किंवा काडी पेटवून पाहणे तर त्याहून वाईट, कारण तो गॅस भडकतो.

विहिरीच्या पाण्याला मात्र हा पंप घेऊ नका. त्याला आपला नेहमीचा पंपच स्वस्त आणि सरस. नळीच्या पंपाची किंमत जास्त, आणि चेपून चेपून नळी कधीतरी फाटतेच. म्हणून दुकानदाराला पंपाच्या आधी नळीचा भाव विचारा, ती सोलापुरात मिळते की पुण्याहून मागवावी लागते तेही विचारा. चालू पंपाच्या पुढचा कॉक कधी बंद करू नये. माल अडून दाब वाढतो आणि नळी फुटते.